नवं ॲप कारखान्यात रुजवायचं कसं? सोलापुरातल्या छोट्या ऑफिसांसाठी

संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेसाठी पुण्याहून पुतण्या घरी येतो, कारखान्यात एक चक्कर मारतो आणि जाताना सगळ्यांच्या फोनवर तीन ॲप टाकून जातो. आठवडाभर उत्साह दांडगा. रंगीत कार्डं काय, टिकमार्क काय, एकमेकांना अंगठे काय! शिवरात्र येईपर्यंत त्यातलं एकही कोणी उघडत नाही आणि मालक पुन्हा जिन्यातून हाका मारायला लागतात, "अहो, त्या हैदराबादच्या पार्टीचा माल कुठवर आला?"

मला हा उत्साह मनापासून आवडतो. नवं काही आलं की त्याच रात्री उघडून बघणाऱ्यांतला मी. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत दहा-पंधरा माणसांची टॉवेल-चादरीची युनिटं आहेत, शहरात गणवेश शिवणारे आहेत, वकील-सीएंची ऑफिसं आहेत. या सगळ्यांना आज फुकटात मिळणारी साधनं एके काळी फक्त मोठ्या कंपन्यांकडे होती. फक्त ती उतरवण्याचा एक क्रम आहे. आधी कटकट शोधायची, मग साधन निवडायचं; आणि एका गोष्टीची जागा एकच ठेवायची. इथे मी टॉवेलच्या युनिटचं उदाहरण धरलंय, तुम्ही आपापल्या धंद्याचं नाव घाला.

१. आधी दोन दिवस कागद-पेन

कुठलंही ॲप टाकण्याआधी एक पाठकोरा कागद घ्या. ऑफिसात, फोनवर, मागाजवळ जो प्रश्न विचारला जाईल तो लिहा. तोच पुन्हा आला की पुढे एक रेघ मारा. उत्तर लिहायचं नाही, फक्त प्रश्न. बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा, फोटो कोणाकडे आहे? निळा शेड मागचा धरायचा की नवा? सूत कधी येणार? अमक्याचा माल निघाला का?

ज्या प्रश्नापुढे सगळ्यात जास्त रेघा, ते तुमचं पहिलं काम. बाकीचे तूर्त थांबतील. एकाच वेळी सगळं सुधारायला घेतलं की काहीच सुधारत नाही, शिवाय कामगार तुमच्याकडे "मालकांना पुन्हा काहीतरी सुचलं" अशा नजरेनं बघतात ते वेगळंच. बहुतेक युनिटांत पहिला नंबर "ऑर्डर कुठवर आली" याचाच लागतो, म्हणून पुढे तेच उदाहरण सविस्तर घेतलंय.

२. व्हॉट्सॲप काढायचं नाही, आवरायचं

पुतण्या सांगेल, व्हॉट्सॲप बंद करा, आता सगळं नव्या ॲपवर. ऐकू नका. पार्टी, ट्रान्सपोर्टवाला, डाईंगवाला सगळे व्हॉट्सॲपवरच आहेत, ते तुमच्यासाठी दुसरीकडे येणार नाहीत. पण एकाच ग्रुपवर शुभ सकाळ, वाढदिवस, बिल्टी आणि पगाराची चौकशी असं सगळं चाललं असेल तर कामाचा मेसेज वाहून जाणारच.

तीन ग्रुप पुरतात: उत्पादन, डिस्पॅच आणि सूचना. सूचनांच्या ग्रुपच्या सेटिंगमध्ये फक्त ॲडमिनला लिहिता येईल असं करून ठेवा. सुट्टी, पगाराची तारीख, लाइट जाण्याची वेळ एवढंच तिथं. महत्त्वाचा मेसेज दाबून धरला की "पिन" करता येतो, चोवीस तास, सात दिवस किंवा तीस दिवसांसाठी. उत्तर देताना मूळ मेसेज उजवीकडे सरकवून द्यायची सवय सगळ्यांना लावा. नुसतं "हो" आलं तर ते कशाला हो, हे संध्याकाळी कोणालाच आठवत नाही. चुकीचा आकडा गेला तर पंधरा मिनिटांच्या आत मेसेज दुरुस्त करता येतो. दुसरा मेसेज टाकून गोंधळ वाढवू नका.

शुभेच्छांसाठी चौथा ग्रुप काढा. तो बंद करायला जाऊ नका, माणसं नाराज होतात.

३. खातं धंद्याच्या नावाचं

ही पायरी दहा मिनिटांची आहे, पण हिच्यावर पुढचं सगळं उभं राहतं. युनिटच्या नावानं एक वेगळं जीमेल खातं काढा. मुलाचं नको, क्लार्कचं तर अजिबात नको. क्लार्क नोकरी सोडून गेला आणि चार वर्षांच्या ऑर्डरी त्याच्या खात्यात राहिल्या, अशी गाऱ्हाणी कमी नाहीत. त्यात त्याचा वाईट हेतू असतोच असं नाही, नवा फोन घेतला आणि पासवर्ड विसरला, इतकं साधं कारणही पुरतं.

खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक पडताळणी) लावा, रिकव्हरीचा नंबर मालकांचा द्या आणि गूगल देतं ते बॅकअप कोड छापून चेकबुकाच्या कपाटात ठेवा. फुकट खात्यात पंधरा जीबी जागा मिळते आणि ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते. म्हणून या खात्यावर घरच्या लग्नाचे व्हिडिओ चढवू नका.

४. शीट: सगळा जीव इथं

स्लॅक, ट्रेलो, टीम्स, झोहो या ऑफिसकामाच्या ॲपांकडे वळण्याआधी एक गूगल शीट करा. तिला कोणी नवी म्हणणार नाही, पण एकच कागद पाचजणांनी एकाच वेळी उघडून भरायचा, ही कल्पना ज्यानं पहिल्यांदा बघितली त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. मालक घरी बसून बघतायत आणि पॅकिंगवाल्यानं टाकलेला आकडा त्यांच्यासमोर उमटतोय!

वरच्या ओळीत रकाने घाला: ऑर्डर नंबर, तारीख, पार्टी, डिझाइन, साइज, नग, टप्पा, कबूल तारीख, ट्रान्सपोर्ट आणि बिल्टी नंबर, शेरा. बस. पंचवीस रकाने करायचा मोह होतो, पण रकाना जितका जास्त तितका तो रिकामा राहण्याची शक्यता जास्त. पहिली ओळ "व्ह्यू" मेनूतल्या "फ्रीझ"नं अडकवून ठेवा, म्हणजे खाली गेलं तरी रकान्यांची नावं दिसत राहतात.

आता एक काम आधी करा, नाहीतर महिन्याभरानं डोकं धराल. फाइल मेनूत सेटिंग्ज उघडा आणि "लोकेल" काय आहे ते बघा. तिथं युनायटेड स्टेट्स असेल तर बदलून इंडिया करा. अमेरिकेत महिना आधी लिहितात. तुम्ही ५ एप्रिल म्हणून ५/४ टाकाल, शीट ती ४ मे समजेल. १३/४ टाकाल तर तेरावा महिना नसल्यामुळे ती त्याला तारीखच मानणार नाही, नुसता मजकूर म्हणून ठेवील. मग कबूल तारखेप्रमाणे क्रम लावला की अर्धी यादी वर, अर्धी खाली आणि दोष सगळा बिचाऱ्या क्लार्कला.

"टप्पा" या रकान्यात कोणालाही हातानं लिहू देऊ नका. इन्सर्ट मेनूत ड्रॉपडाउन आहे, त्यात यादी भरा: सूत आलं, डाईंग, वारपिंग, मागावर, शिलाई, पॅकिंग, रवाना. प्रत्येकाला रंग द्या. पार्टीच्या नावालाही ड्रॉपडाउनच हवा. नाहीतर एकच पार्टी "श्री गणेश", "श्रीगणेश" आणि "गणेश टेक्स." अशी तीन रूपं घेते आणि एकूण नग काढायला गेलं की मेळ बसत नाही. आकडे इंग्रजी अंकांत टाका, आणि नगाच्या रकान्यात "५०० नग" असं न लिहिता नुसता आकडा लिहा, म्हणजे बेरीज होते.

मग फॉरमॅट मेनूतलं कंडिशनल फॉरमॅटिंग: कबूल तारीख आजच्या मागची असेल तर तो चौकोन लाल. अर्थात रवाना झालेल्या ऑर्डरीही लाल दिसायला लागतात, म्हणून त्या दर आठवड्याला उचलून "झालेल्या" नावाच्या दुसऱ्या टॅबवर टाकायच्या. सकाळी शीट उघडली की लाल काय आहे तेवढंच बघायचं. मालकांना याची गोडी सगळ्यात लवकर लागते.

कोणी फिल्टर लावला की बाकीच्यांच्या ओळी गायब होतात आणि "माझी ऑर्डर कोणी काढली?" असा दंगा होतो. त्यासाठी डेटा मेनूत "फिल्टर व्ह्यू" आहे; तो ज्याचा त्याला दिसतो, इतरांची शीट जशीच्या तशी राहते. आणि आकडा खरंच बदललेला दिसला तर भांडायचं नाही. कॉम्प्युटरवर त्या चौकोनावर राइट क्लिक करून "शो एडिट हिस्ट्री" बघायचं: कोणी, कधी, आधी काय होतं, सगळं निघतं. अख्खी शीटच बिघडली तर फाइल मेनूत व्हर्जन हिस्टरी आहे, कालच्या अवस्थेला परत जाता येतं. ही एक गोष्ट सगळ्यांसमोर करून दाखवा. "आपल्या हातून काही बिघडेल" ही भीती त्यानं जाते, आणि नव्या माणसाला अडवणारी मुख्य भीती तीच असते.

५. कोणाला काय दिसावं

शेअर करताना तीन हक्क मिळतात: नुसतं बघणं, शेरा मारणं, बदलणं. बदलण्याचा हक्क शीट भरणाऱ्या दोघा-तिघांनाच द्या. "लिंक असलेल्या कोणालाही" हा पर्याय सोपा वाटतो म्हणून लोक दाबतात; ती लिंक एकदा व्हॉट्सॲपवर फिरली की कुठं थांबेल याचा नेम नाही. नावानिशी ईमेल घालूनच द्या.

आणि दर? दर त्या शीटमध्ये नकोतच. टॅब लपवला म्हणजे झालं असं समजू नका. ज्याला शीट बघता येते त्याला तिची प्रत काढून लपवलेला टॅब उघडता येतो. दर, येणी, पगार यांची फाइल वेगळी आणि ती फक्त मालक-अकाउंटंटकडे.

६. बिल्ट्या, चलनं, डिझाइनं

ड्राइव्हच्या मोबाइल ॲपमध्ये प्लसच्या खुणेजवळ स्कॅनची सोय आहे. बिल्टी टेबलावर ठेवायची, स्कॅन करायची, पीडीएफ तयार. नाव ठेवताना वर्ष, महिना, दिवस या क्रमानं सुरुवात करा आणि पुढे पार्टीचं नाव; मग फायली आपोआप तारखेच्या क्रमानं लागतात. "नवीन", "फायनल", "फायनल २" ही नावं कायमची बंद. डिझाइन व्हॉट्सॲपवर पाठवायचं असेल तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा; फोटो दाबला जातो आणि बारीक नक्षीचा चिखल होतो.

७. व्हिडिओ कॉल

गूगल मीटवर फुकट खात्यात तीन किंवा जास्त माणसं असतील तर साठ मिनिटं मिळतात, झूमवर चाळीस. पार्टीशी बोलायला तेवढी भरपूर झाली. खरं तर वेळ संपणार हे माहीत असलं की बोलणं मुद्द्याचं होतं. मागांच्या आवाजापासून लांबची खोली धरा, वायरचा साधा हेडफोन लावा.

एका बाबतीत मात्र कॉलवर विसंबू नका: रंग. समोरच्याच्या फोनवर नाइट मोड चालू असेल तर तुमचा पांढरा टॉवेल त्याला पिवळट दिसतो. दोन फोनांवर एकच निळा दोन तऱ्हेचा. शेडचा तुकडा कापून, त्यावर नंबर घालून कुरिअरनं पाठवा, त्याचा जोडतुकडा आपल्याकडे ठेवा आणि तोच नंबर शीटच्या शेऱ्यात लिहा. कॉलवर "शेड सतरा" म्हटलं की दोघांच्या हातात एकच कापड. तंत्रज्ञानाचा मी कितीही भोक्ता असलो तरी इथं कुरिअरवाल्याला पर्याय नाही.

८. माणसं

सोलापूरच्या कारखान्यात तीन-चार भाषा एकदम चालतात. पूर्व भागातले पद्मशाली विणकर घरी तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडचे कन्नड, कोणी दखनी, आणि ऑफिसात मराठी. टप्प्यांना रंग द्यायला मी उगाच सांगितलं नाही: अक्षर वाचायला वेळ लागणाऱ्यालाही हिरवा म्हणजे रवाना, हे दुसऱ्या दिवशी कळतं. गूगलच्या कीबोर्डवर मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा सगळ्या भाषांत बोलून टाइप करता येतं. माइकचं बटण दाखवून द्या, बाकी माणूस स्वतः शिकतो.

पण ज्याला टाइप करायचंच नाही त्याच्या मागे लागू नका. ड्रायव्हरचा आवाजी मेसेज येतो, "माल भरलालोय, निघतो आत्ता", तेवढं पुरे आहे. तो ऐकून शीटमध्ये "रवाना" करायचं काम ऑफिसातल्या एकाच माणसाचं. शीटला असा एक राखणदार हवाच, आणि त्यानं रोज संध्याकाळी निघण्याआधी पाच मिनिटं शीट वरपासून खालपर्यंत बघायची. सगळ्यांची म्हटली की ती कोणाचीच राहत नाही.

जुने जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम, म्हणतात, "हे कॉम्प्युटरचं आम्हाला नाही जमायचं." त्यांना सांगा, अण्णा, जेकार्डच्या मागावर भोकांची कार्डं आयुष्यभर लावलीत ना, ती काय होती? फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास जेकार्ड नावाच्या माणसानं तो माग काढला: भोक असेल तर सुई जाते, नसेल तर अडते, त्यावर नक्षी उमटते. इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणिती यंत्रासाठी हीच कार्डांची कल्पना उचलली, आणि अमेरिकेत १८९० ची जनगणना भोकांच्या कार्डांवर मोजली गेली. कॉम्प्युटरचं नातं आपल्या चादरीशी आधीच जुळलेलं आहे. हे ऐकून अण्णा लगेच शीट भरायला बसतील असं नाही, पण खुर्ची जवळ ओढतात.

जुनं रजिस्टर पहिला महिना चालू द्या. दोन्हीकडे लिहायचा त्रास होईल, तरी करा. मेळ बसतोय हे डोळ्यांनी दिसल्याशिवाय कोणाचा विश्वास बसत नाही. महिना झाला की मात्र रजिस्टर कपाटात. पुढेही दोन्ही ठेवलीत तर दोन्ही अर्धवट राहतात आणि पार्टीला काय सांगायचं यावर पुन्हा जिन्यातून हाका. त्या दिवसापासून नियम एकच: शीटमध्ये नसलेली ऑर्डर मागावर चढणार नाही. हा नियम मालकांनी स्वतः पाळायचा, आणि सगळ्यात अवघड तेच जातं.

९. लाइट आणि नेट गेलं तर

शीटच्या मोबाइल ॲपमध्ये त्या फाइलपुढच्या तीन टिंबांत "ऑफलाइन" चालू करून ठेवा. नेट नसतानाही उघडते, भरता येते, नेट आलं की बदल वर चढतात. राउटर इन्व्हर्टरवर घ्या, त्याला वीज नगण्य लागते.

१०. आता या रंगीत कार्डांकडे

शीट दोन-तीन महिने नीट चालली की मग नवं काही आणायला हरकत नाही, तेव्हा उत्साहाला मोकळं सोडा. गणवेश शिवणाऱ्यांना माझी शिफारस ट्रेलोसारख्या बोर्डची. एका शाळेचं एक कार्ड. ते "माप आलं"पासून "कटिंग", "शिलाई", "काज-बटण", "इस्त्री", "पॅकिंग" असं एकेका उभ्या रांगेतून पुढे सरकवायचं. जूनमध्ये शाळा उघडण्याआधीच्या गर्दीत कुठल्या रांगेत कार्डं तुंबलीत हे लांबून दिसतं. काज-बटणाच्या रांगेत गर्दी झाली की तिथं माणूस वाढवायचा, शिलाईवर नाही. ही पद्धत जपानच्या टोयोटा कारखान्यातून आलेली, तिला कानबान म्हणतात. तिथं कागदी कार्डं होती. ट्रेलोच्या फुकट खात्यात एका वर्कस्पेसवर दहाच माणसं बसतात, त्यामुळे मोठ्या युनिटनं आधी मोजून घ्यावं.

स्लॅक वीस-पंचवीस माणसांच्या ऑफिससाठी छान आहे, विषयवार खोल्या करता येतात. पण फुकटात मागच्या नव्वद दिवसांचंच बोलणं दिसतं, आणि आपल्याकडे पार्टी सहा महिन्यांपूर्वीचा शब्द काढते. झोहो ही चेन्नईची कंपनी, तिच्याकडे बिलापासून चॅटपर्यंत सगळं एका छताखाली आहे. धंदा वाढला आणि पैसे द्यायची तयारी असली तर बघण्यासारखं. या फुकट योजनांचे नियम बदलत राहतात, खातं उघडताना त्या दिवशीचे वाचा. एआयकडून परदेशी पार्टीला इंग्रजी पत्र लिहून घ्यायला मला स्वतःला मजा येते, मात्र पार्टीचं नाव, दर, बँकेचे तपशील त्यात घालू नका. ती जागा कोरी ठेवून नंतर हातानं भरा.

११. कुलूप

व्हॉट्सॲपच्या "लिंक्ड डिव्हाइसेस"मध्ये महिन्यातून एकदा बघा. मूळ फोनशिवाय चार ठिकाणी ते चालू राहू शकतं. ओळखीचा नसलेला कॉम्प्युटर दिसला तर तिथून लॉगआउट करा. माणूस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी शीट, ड्राइव्ह आणि ग्रुप या तिन्हीकडून त्याचं नाव काढा, गोड बोलून, पण त्याच दिवशी. "बँकेतून बोलतोय, स्क्रीन शेअरचं ॲप टाका" असा फोन आला तर ठेवून द्या. ओटीपी कोणालाही नाही, मालकांच्या मेव्हण्यालाही नाही. तरीही पैसे गेलेच तर पहिल्या तासाभरात १९३० ला फोन करा. ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे, जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

१२. महिन्याची तपासणी

तो प्रश्नांचा पाठकोरा कागद जपून ठेवला असेल तर महिन्याभरानं पुन्हा दोन दिवस रेघा मारा. ज्या प्रश्नासाठी साधन आणलं त्याच्या रेघा घटल्या नसतील तर साधन चुकलं किंवा राखणदार चुकला. आधी राखणदार बदलून बघा. त्यानंही फरक पडला नाही तर ॲप बेधडक काढा, लाज कसली. काढण्याआधी त्यातली माहिती उतरवून घ्या: शीट असेल तर फाइल मेनूतून एक्सेल म्हणून डाउनलोड करा, व्हॉट्सॲप ग्रुप असेल तर "एक्सपोर्ट चॅट". आणि चालू शीटचीही अशी एक प्रत दर महिन्याच्या एक तारखेला पेनड्राइव्हवर घेऊन अकाउंटंटकडे द्या, जीएसटीच्या कागदांबरोबरच, म्हणजे वेगळी आठवण ठेवावी लागत नाही.